झालेल्या त्रासाबद्दल

आईचा फोन आला तेव्हा लेक छापखान्यात शाळेच्या भूगोलाचं शेवटचं प्रूफ वाचत होती. एका ओळीत नदी समुद्राला मिळत होती आणि पुढच्याच ओळीत डोंगर चढत होती, तिला खाली उतरवायचं काम चाललं होतं. "बाबा बोलले," आई म्हणाली. "स्वतःहून बोलले. पाटी नसताना."

लेकीने पेन्सिल ठेवली आणि ती जिन्यात जाऊन उभी राहिली. 'पाटी नसताना' म्हणजे काय, हे घराबाहेरच्या कुणाला कळलं नसतं.

बाबांचा जन्म लिलाव पुकारण्यात गेला. दिवाळं निघालेली दुकानं, वारसांच्या भांडणात अडकलेली कपाटं, बंद पडलेल्या कचेऱ्यांची टेबलं, सगळं त्यांच्या तोंडून विकलं गेलं. आवाज असा, की जेवताना मीठ मागितलं तरी शेजारी बोली लावतील. मग एका सकाळी दाढी करता करता झटका आला आणि उजवा हात आणि जीभ एकदमच गेली. हात हळूहळू अर्धामुर्धा परत आला. जीभ आली नाही. एवढं मोठं शरीर पडलेलं असताना या माणसाचं नेमकं बोलणंच उचलून न्यायचं, यात कुणाची काय हुशारी होती ते नेणाऱ्यालाच ठाऊक.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यातून त्यांना घरी आणताना आईच गाडी चालवत होती. अर्धी वाट बाबा गप्प बसून होते. मग एकदम जुन्या, भरघोस आवाजात ते म्हणाले, "पुढे गतिरोधक आहे." आईने दचकून करकचून ब्रेक दाबला. गतिरोधक खरोखरच होता म्हणून निभावलं. पुढे आणखी एक पाटी आली, तीही त्यांनी म्हटली, आणि घर येईपर्यंत आई हसत होती आणि रडत होती. डॉक्टरांनी मात्र फोनवर तिचा आनंद पुरता उतरवला. बोलण्याची वाट मोडली आहे, वाचण्याची शाबूत राहिली आहे, एवढंच. डोळ्यांपुढे मोठं अक्षर आलं की ते तोंडावाटे बाहेर पडतं, त्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचतच असेल असं नाही. त्याला बोलणं समजू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं.

जवळचं वाचायला बाबांना चष्मा लागे आणि चष्मा तर ते आता कानावर ठरू देत नसत. त्यामुळे घरात सारा शुकशुकाट. लांबचं मात्र त्यांना घारीसारखं दिसे. म्हणून आई दर रविवारी त्यांना गाडीत घालून गावाबाहेर नेऊ लागली. लोक हवा खायला जातात, ही दोघं आवाज खायला जात.

आणि त्या रस्त्यावरच्या पाट्या म्हणजे काय विचारता. त्यांनाही बाबांसारखाच झटका आलेला असावा, शब्द जागेवर आणि अर्थ भलतीकडे. दगडाच्या खाणीत सुरुंग उडत असायचे आणि समोर पाटी 'शांतता राखा', कारण कधीकाळी तिथे शाळा होती. 'निसर्गरम्य स्थळाकडे' असा बाण होता, तो नेमका गावाच्या कचऱ्याच्या डोंगराकडे. 'सावकाश चालवा, जीव वाचवा' आणि त्याच खांबावर खाली 'दवाखाना कायमचा बंद आहे'. एका उजाड माळावर एकुलता एक खांब, त्यावर एकुलती एक पाटी: 'येथे पाटी लावण्यास सक्त मनाई आहे'. बाबा हे सगळं बोली पुकारल्यासारखं पुकारत आणि आई त्याला उत्तरं देत जाई. 'येथे थुंकू नये' म्हटलं की म्हणे, "मी कशाला थुंकू?" लेक पहिल्यांदा बरोबर गेली तेव्हा पोट धरून हसली होती. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडली, तेही खरं.

तेव्हा आता बाबा पाटी नसताना बोलले म्हणजे डॉक्टर हरले होते. लेकीने विचारलं, काय म्हणाले?

 आई एकेक अक्षर जपून ठेवल्यासारखं म्हणाली, "झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व."

 तो त्रास कुठला, हे घरात सांगावं लागत नव्हतं. आईने बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती. गावातली अर्धी तरणी पोरं तिच्या मागच्या बाकावर डबे सांडत मोठी झाली. तिची साठी उलटल्यावर बाबांनी ठरवलं की आता पुरे, आणि आईला एका शब्दाने न विचारता व्हॅन लिलावात उभी केली. आई बाजारात भाजी घ्यायला गेली होती. लोकांची गर्दी दिसली म्हणून डोकावली, तर तिचीच व्हॅन, आणि खुर्चीवर उभा राहून तिचाच नवरा पुकारतोय, एक वार, दोन वार. तिने बोली लावली नाही, आरडाओरडाही केला नाही. भाजी घेऊन घरी आली. त्यानंतरची वर्षं ती त्यांच्याशी बोलली, हसली, आजारपणात त्यांची सगळी घाण काढली, पण त्या जागी एक गाठ पडली ती पडलीच. बाबा शेकडो माणसांसमोर तासन्‌तास बोलत, पण 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

"क्षमस्व म्हणाले?" लेकीने पुन्हा विचारलं. अक्षरं तपासून पोट भरणारी बाई ती. नवरा बायकोला 'क्षमस्व' म्हणत नाही, हे तिला खटकलंच.

"लिलावातला माणूस, छापील बोलायची सवय," आई म्हणाली. "हल्ली मला आपण म्हणतात. परवा म्हणाले, आपले स्वागत आहे. जन्म गेला अगं-तुगं करण्यात. आजाराने माणूस मऊ होतो बघ."

 रजा टाकून लेक शनिवारी घरी पोचली.

रविवारी बाबा पुढे, आई चालवायला आणि लेक मागच्या सीटवर अशी तिघं निघाली. आई खुशीत होती. नवीन ओढणी, केस नीट बांधलेले. गाव सुटल्यावर बाबा म्हणाले, "पुढे शाळा आहे, हॉर्न वाजवू नये." आईने मागे मान वळवून लेकीकडे असं पाहिलं, की बघ, मी सांगत नव्हते?

पाटी तर होती. रस्त्याच्या डाव्या अंगाला, माणसाएवढी, पिवळ्यावर काळी अक्षरं.

लेकीला वाटलं, ही एक आईच्या नजरेतून सुटली असेल. मग दुसरी आली, तिसरी आली. बाबा प्रत्येक पाटी लांबूनच टिपत आणि पुकारत, आणि आई प्रत्येक वेळी खुलत गेली. "पूर्वी इथे किती पाट्या असायच्या," ती म्हणाली. "सगळ्या काढून टाकल्या मेल्यांनी. रंगसुद्धा देत नाहीत हल्ली कशाला." लेकीने मागून आईचा चेहरा आरशात पाहिला. आई डोळे बारीक करून, मान पुढे काढून, दुधातून बघावं तशी रस्त्याकडे बघत होती. बाबा बोलू लागले नव्हते. आईला दिसेनासं झालं होतं.

 सांगायचं तर काय आणि कुठल्या तोंडाने?

एवढ्यात पूल आला. पुलाचं काम होऊन कित्येक वर्षं लोटली होती. ठेकेदाराने कामाची पाटी नेली, पण खालची फळी न्यायची विसरला. ती झुडपाच्या कडेला दोन खुंटांवर अजून उभी होती, काम संपलेलं आणि क्षमा मागणं चालूच. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुकारलं, "झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व."

"ऐकलंस?" आईचा आवाज कापला. "मागच्या खेपेलाही इथेच म्हणाले. व्हॅन विकत घेतली त्याने ती याच पुलावरून नेली ना, त्यांना आठवतं सगळं." मग ती बाबांकडे वळली आणि ज्या सुरात लेकीने तिला त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलताना ऐकलं नव्हतं त्या सुरात म्हणाली, "जाऊ द्या हो. झालं गेलं. मी विसरले."

ती डोळे पुसत असतानाच पुलावर समोरून सायकलवाला आला. लेक ओरडली. आईने स्टिअरिंग फिरवलं, सायकलवाला कठड्याला घासून पडला, उठला, आणि त्याने आईच्या सात पिढ्यांची आठवण काढली. कोपर खरचटण्यावर भागलं. आई म्हणत राहिली, कुठून उगवला हा, दिसलाच नाही. बाबा कठड्याकडे बघत स्वस्थ बसले होते. घरी जाताना गाडी लेकीने चालवली आणि किल्ली आपल्या पर्सच्या तळाशी टाकली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू दाखवला आणि अशा डोळ्यांनी गाडी चालवता, म्हणून कपाळाला हात लावला. शस्त्रक्रिया साधी होती, नजर पूर्ववत होणार होती. आईने साफ नकार दिला. मला आता काय बघायचं राहिलंय, ऐकू येतंय तेवढं पुरे, असं म्हणाली. लेकीच्या मनातही क्षणभर तेच आलं होतं. राहू दे की. किल्ली काढून घेतली आहे, दर रविवारी आपण येऊ, आपण चालवू, ती मागे बसून ऐकेल. एका बाईला म्हातारपणी नवऱ्याने क्षमा मागितली, हे सुख कुणाच्या डोळ्यांवर येतंय?

पण त्याच आठवड्यात आईने उकळता चहा कपाऐवजी मनगटावर ओतला आणि बाबांच्या सकाळच्या गोळ्या रात्री आणि रात्रीच्या सकाळी दिल्या. आता पर्याय नव्हता. लेकीने समजूत घातली, धाक घातला, शेवटी रडली, तेव्हा आई तयार झाली. आधी एक डोळा, मग दुसरा. काळ्या चष्म्यातून आई घरभर हिंडू लागली आणि कोळिष्टकं काढू लागली. बाबांच्या अंगातला सदरा कॉलरशी किती झिजला होता ते तिला आता कळलं आणि तिला स्वतःचाच राग आला. आरशात आपल्या सुरकुत्या बघून म्हणाली, डॉक्टरांनी जरा कमी दिसेल असं करायला हवं होतं.

लेकीला हसू आलं नाही. तिला फक्त रविवार दिसत होता. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या काही तिला झाकता येणार नव्हत्या. आईला कळणार होतं. स्वागत कुणाचं होतं तेही कळणार होतं आणि 'आपण' कोण तेही. ते सगळं आई सोसेल, असं तिला वाटलं. पण ती एक फळी सोसणार नाही. तीन शब्दांवर आईने एवढी जुनी गाठ सोडली होती, ती आता कुणाच्या नावाने पुन्हा बांधायची?

रविवारी भल्या पहाटे ती एकटी गाडी घेऊन पुलावर गेली. खुंट कुजलेले होते, तरी फळी निघताना तिने तळहात सोलून घेतले. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी खोडणं हाच तिचा धंदा, पण एखादी ओळ अशी मुळासकट तिने कधी उपटली नव्हती. फळी नाल्यात टाकायचं तिच्या मनात होतं. टाकणार तोच सुचलं, उताणी पडली तर बाबा नाल्यातूनही वाचतील, त्यांच्या नजरेचा नेम नाही. मग तिने ती जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत सारली, खुंटांचे खड्डे मातीने बुजवले आणि आई उठायच्या आत घरी येऊन चहा ठेवला.

दुपारी तिघं निघाली. लेक चालवत होती, बाबा पुढे आणि आई मागे. गाव सुटलं. बाबा म्हणाले, "पुढे शाळा आहे, हॉर्न वाजवू नये."

 आई खिडकीतून पिवळ्या पाटीकडे बघत होती आणि गाडी पुढे गेल्यावर मान वळवून मागे बघत होती. पुढची पाटी आली, बाबांनी म्हटली, आईनेही ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हटली. पुढच्या गावाच्या वेशीजवळ 'आपले स्वागत आहे' आलं, त्याखाली कुठल्याशा मंडळाचं नाव होतं. तिथे आई फक्त, "एवढी मोठी अक्षरं," असं पुटपुटली.  बाबा पुकारत होते आणि गाडीत कुणी बोली लावत नव्हतं.  आपण आईला डोळे दिले की तिचं माणूस नेलं, हे लेकीला कळेना.

मग आई शांतपणे म्हणाली, "पुलाकडून घे."

"उशीर होईल आई. आज सरळच जाऊ."

"पुलाकडून घे."

लेकीने गाडी वळवली. पूल दिसू लागला तशी आई दोन सीटच्या मधून पुढे वाकली. तिने डावीकडचं झुडूप पाहिलं, उजवीकडचा कठडा पाहिला, काच खाली करून मान बाहेर काढून पाहिलं. लेकीला तिचा श्वास कानाशी ऐकू येत होता.

"पाटी नाही इथे," आई म्हणाली.

"नाही."

"तू नीट बघ. तुझं कामच ते."

"नाही आई. काही नाही."

आई मागे टेकली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडणं ओसरल्यावर तिचा चेहरा असा उजळला होता, की लेकीला तिच्याकडे बघवेना. "बाकीचं सगळं वाचलेलं होतं गं," आई म्हणाली. "मी खुळी. ते सगळं रस्त्याचं होतं. पण हे एवढं त्यांचं होतं. हे एवढं मला म्हणाले."

लेक म्हणाली, हो. दुसरं काय म्हणणार? आपण केलं ते बरोबर केलं, असं तिला त्या घडीला अगदी मनापासून वाटलं.

"थांबव जरा," आई म्हणाली. "आता डोळे आलेत. म्हणताना त्यांचं तोंड बघायचंय मला."

लेकीने गाडी कडेला घेतली. आई मागून उतरली, पुढे येऊन बाबांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून रस्त्यातच उकिडवी बसली. बाबांनी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. झुडूप होतं, त्याच्या कडेला ओली माती होती. त्यांची नजर त्या जागी गेली आणि तिथेच राहिली, हरवलेलं काही शोधावं तशी. ओठ किंचित उघडले. लेकीने स्टिअरिंग घट्ट धरलं. ओठ पुन्हा मिटले.

"म्हणा ना," आई म्हणाली. "इथे आलं की म्हणता ते. एकदाच."

बाबा मातीकडे बघत राहिले.

"राहू दे आई," लेक म्हणाली, "थकलेत ते. पुढच्या रविवारी येऊ."

"येऊ की. दर रविवारी येऊ. पण आजही म्हणतील." आईने तिच्याकडे न बघता सांगितलं, "इंजिन बंद कर. त्यांना ऐकू येत नसेल आपण काय म्हणतोय ते."

लेकीने इंजिन बंद केलं. आई बाबांच्या तोंडाकडे बघत बसली होती, ओळ येण्याची वाट बघत, आणि ती ओळ मागे डिकीत होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली.